टेकडीवर कोण येत नाही

मी टेकडीवर माणसं मोजते. हे काम घरी समजावून सांगायला जितका वेळ लागला, तितका ते शिकायलाही लागला नाही. आजीने विचारलं, "म्हणजे जनगणना?" नाही म्हटल्यावर तिचा पुढचा प्रश्न होता, "मग मोजून करायचं काय?" हा प्रश्न तिने सहज विचारला होता, पण माझ्या डोक्यातून तो अजून गेलेला नाही.

पद्धत अशी. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी उभं राहायचं. डावीकडून उजवीकडे एकदा सावकाश नजर फिरवायची आणि त्या एका फेरीत जो जो दिसेल त्याची तक्त्यात खूण करायची. बाई की पुरुष? लहान मूल, तरुण, मोठं माणूस की म्हातारं? बसलंय, चालतंय की पळतंय? बस्स. नाव विचारायचं नाही, बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. थोड्या वेळाने पुन्हा तेच. या पद्धतीला सोपार्क म्हणतात. थॉम मॅकेन्झी आणि डेबोरा कोहेन या अमेरिकी संशोधकांनी ती बागांसाठी तयार केली आणि २००६मध्ये मांडली. तेव्हापासून जगभरातले माझ्यासारखे लोक हातात क्लिपबोर्ड घेऊन बागांच्या कोपऱ्यात संशयास्पद रीतीने उभे असतात.

माझी बाग म्हणजे पुण्याची वेताळ टेकडी. तिला बाग म्हटलेलं कुणाला आवडणार नाही, आणि तेच तिचं मोठेपण आहे. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. शहराच्या पश्चिम भागात, एका बाजूला लॉ कॉलेज रस्ता, दुसरीकडे सेनापती बापट रस्ता, तिसरीकडे पाषाण आणि चौथीकडे पौड रस्ता, यांच्या मध्ये काळ्या बसाल्टचा हा उंचवटा उभा आहे. माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, म्हणजे शहरातली सगळ्यात उंच जागा. वर वेताळाचं देऊळ, पावसाळ्यात पाणी साठणारी जुनी दगडाची खाण, सलई आणि मेडशिंगीची झाडं, मोर, आणि दिवाळीनंतर पिवळं पडणारं गवत. तिकीट नाही, कारंजं नाही, 'हिरवळीवर चालू नये' अशी पाटी नाही.

सकाळी सहाला उभं राहिलं की टेकडी ठरावीक क्रमाने भरते. आधी पळणारे येतात, त्यांना कुणाशी बोलायचं नसतं. मग निवृत्त काकांचे गट, त्यांना सगळ्यांशी बोलायचं असतं. मग कुत्री आणि त्यांची माणसं. गळ्यात दुर्बीण लटकवलेले पक्षीवाले, जे मध्येच थिजून उभे राहतात आणि मागून येणारा त्यांच्यावर आदळतो. स्पर्धा परीक्षेची पोरं, हातात झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन ओठ हलवत फेऱ्या मारणारी. जोडपी उशिरा येतात आणि माझा क्लिपबोर्ड दिसला की वाट बदलतात. त्यांची नोंद करताना मला नेहमी थोडं अपराधी वाटतं.

ही टेकडी आज टेकडी म्हणून शिल्लक आहे, ती आपोआप राहिलेली नाही. पुण्यात टेकड्या वाचवणं हा जवळपास पिढीजात उद्योग आहे. महापालिकेत नव्याने आलेल्या २३ गावांच्या विकास आराखड्यात टेकड्यांवर बीडीपीचं, म्हणजे जैवविविधता उद्यानाचं आरक्षण टाकावं यासाठी इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं बैठका घेतल्या, नकाशे काढले, पत्रं लिहिली. २०१५ साली राज्य सरकारने ते आरक्षण मान्य केलं, साडेनऊशेहून अधिक हेक्टरांवर. वेताळ टेकडीच्या पायथ्यातून बालभारती ते पौड फाटा असा रस्ता नेण्याचा प्रस्ताव तर इतका जुना आहे की त्याच्या बाजूने आणि विरोधात बोलणारे एकमेकांचे म्हातारपण पाहत आले आहेत. तो रस्ता आणि टेकडीखालून जाणारे बोगदे यांच्या विरोधात एप्रिल २०२३मध्ये मोठा मोर्चा निघाला. लोक घोषणा देत चालले, आणि चालणं हीच ज्यांची सवय त्यांनी चालूनच विरोध करावा यात मला एक गंमत वाटली.

या सगळ्या लढाईत एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं: टेकडी सगळ्यांची आहे. माझा तक्ता या वाक्याच्या मधे येतो.

आकडे इथे देत नाही. माझं काम अजून अर्ध्यात आहे आणि अर्ध्या कामाचे आकडे बाहेर पडले की ते व्हॉट्सॲपवर पूर्ण होतात. पण एवढं सांगायला तक्ता लागत नाही, कुणीही अर्धा तास उभं राहून पाहावं. पुरुष एकटे येतात, दोघे येतात, घोळक्याने येतात, बसतात, आडवे होतात, दगडावर पाय सोडून फोनवर भाचीचं लग्न जमवतात. बायका येतात त्या बहुतेक दोघीतिघी मिळून, किंवा नवऱ्याबरोबर, किंवा कुत्र्याबरोबर. आणि चालतात. थांबत नाहीत. बसलेली एकटी बाई मला इतक्या कमी वेळा दिसली की दिसली तर मीच दचकते. एकदा एक ताई पठारावरच्या दगडावर नुसत्या बसल्या होत्या. मी नोंद करून मान वर करेपर्यंत दोन गृहस्थांनी थांबून त्यांना विचारलं होतं, "बरं वाटत नाहीये का?" दोघेही मनापासून विचारत होते. त्याच वेळी पलीकडच्या झाडाखाली एक काका तोंडावर टोपी ठेवून झोपले होते. त्यांना बरं वाटतंय का, हे कुणी विचारलं नाही.

सोपार्कची मर्यादा इथेच आहे. ती दिसणाऱ्यांना मोजते. जे आलेच नाहीत त्यांच्यासाठी तक्त्यात रकाना नाही.

*

न आलेल्यांना शोधायचा एक मार्ग नकाशातून जातो. शहर नियोजनात सध्या अंतराला फार महत्त्व आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाची सूचना अशी की घरापासून ३०० मीटरच्या आत निदान अर्धा हेक्टर हिरवी जागा असावी. डच संशोधक सेसिल कोनाइनेंडिक यांनी २०२१मध्ये ३-३०-३०० असा सुटसुटीत नियम मांडला: प्रत्येक घरातून तीन झाडं दिसावीत, वस्तीवर ३० टक्के झाडांचं छत्र असावं आणि ३०० मीटरवर बाग असावी. नियम चांगलाच आहे. लक्षात राहतो आणि नगरसेवकाला एका दमात सांगता येतो.

मग आम्ही काय करतो, तर संगणकावर हिरव्या जागेभोवती ३०० मीटरचा पट्टा काढतो. पट्ट्याच्या आतली घरं सुखी, बाहेरची दुःखी. वेताळ टेकडीभोवती असा पट्टा काढला तेव्हा त्यात सगळ्यात आधी, अगदी टेकडीला चिकटून, कोण आलं? उतारावरच्या आणि पायथ्याच्या वस्त्या. पौड रस्त्याच्या बाजूने डोंगर चढत गेलेली घरं. दुसऱ्या अंगाला गोखलेनगर-जनवाडी, जिथे १९६१मध्ये पानशेत धरण फुटल्यावर पूरग्रस्तांसाठी वसाहती झाल्या. नकाशाच्या हिशोबाने या भागातल्या बायका पुण्यातल्या सर्वांत भाग्यवान बायका. त्यांच्या मोरीच्या भिंतीपलीकडे जैवविविधता सुरू होते.

आणि सकाळी माझ्यासमोरून जाणाऱ्यांत त्याच नव्हत्या. गाडी पार्क करून लांबून येणाऱ्या होत्या, पण या नव्हत्या.

याचं एक कारण साधं आहे. संगणक ३०० मीटर पक्ष्यासारखे मोजतो. माणसाला भिंत, कुंपण, नाला आणि फाटक असतं. एका घरातून टेकडीचं गवत हात लांबवून तोडता येईल अशी स्थिती होती, पण मधे उंच भिंत. धड वाटेने वर जायचं तर खाली रस्त्याला उतरून, वळसा घालून पुढच्या प्रवेशापर्यंत चालत जायचं. मी चालून पाहिलं. घामाघूम होऊन पोहोचले आणि मग कुठे टेकडी सुरू झाली. पण हे कारण सांगून मी स्वतःचं समाधान करून घेतलं असतं, तर पुढचं कळलं नसतं. कारण भिंत नसलेल्या घरांमधूनही बायका येत नव्हत्या.

*

वस्तीत गेले ती दुपारी, कारण सकाळी आणि संध्याकाळी कुणाला उसंत नसते. चार-पाच जणी पायऱ्यांवर बसल्या होत्या. मी क्लिपबोर्ड काढला आणि सर्व्हे आहे म्हणाले. चेहरे बंद झाले.

"कसला सर्व्हे? पाण्याचा का?"

"नाही मावशी, टेकडीचा."

"पाडणार का आमची घरं?"

हे मला कुठल्याच पुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं. 'टेकडी वाचवा' या दोन शब्दांचा खालून ऐकू येणारा अर्थ. वर चालणाऱ्याला टेकडी वाचवणं म्हणजे रस्ता नको, बोगदा नको, इमारती नकोत. उतारावर राहणाऱ्याला त्याच वाक्यात आपलं घर ऐकू येतं, कारण उतारावरचं बांधकाम म्हणजे अतिक्रमण, आणि अतिक्रमणांच्या यादीत बंगल्याआधी पत्र्याचं घर येतं, असा त्यांचा अनुभव आहे. मी फॉर्म पिशवीत टाकला आणि बराच वेळ नुसती बसले. चहा आला. मग बोलणं सुरू झालं.

त्यांच्यातल्या एक मावशी साठीच्या असतील. चार घरची कामं. पहाटे साडेचारला उठतात, पाणी भरतात, स्वयंपाक, डबे, आणि सहाला घराबाहेर. सहाला, म्हणजे मी ज्या वेळी वर उभी राहून पहिली खूण करते त्या वेळी. ज्या घरांतली माणसं टेकडीवर गेलेली असतात, त्या घरांत त्या भांडी घासत असतात. माझ्या फॉर्मवर एक प्रश्न होता, 'मोकळ्या वेळात आपण बाहेर फिरायला जाता का?' तो मी विचारला नाही. विचारायची गरजच पडली नाही. "चालायला वर कशाला जायचं? दिवसभर काय उडत असतो का आम्ही?" असं म्हणून त्या स्वतःच हसल्या.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९च्या वेळेच्या पाहणीत हे आकड्यांत आहे. त्या पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७. बरं, ही सरासरी फक्त काम करणाऱ्यांची. त्या दिवशी असं काम केलेल्या बायका शंभरात ८१ होत्या आणि पुरुष २६. २०२४च्या पाहणीत बायकांची मिनिटं २८९ झाली. पाच वर्षांत दहा मिनिटांची सुटका. त्या दहा मिनिटांत तर टेकडीचं फाटकसुद्धा गाठता येत नाही. आणि मावशींसारख्यांच्या बाबतीत हे बिनपगारी काम पगारी कामाच्या वर चढतं.

पण मावशींना टेकडी माहीत नव्हती असं समजू नका. माझ्यापेक्षा जास्त माहीत होती. लग्न होऊन इथे आल्या तेव्हा त्या सरपणाला वर जायच्या. पहिल्या पावसानंतर टाकळा कुठे उगवतो, कुर्डूची भाजी कोणत्या अंगाला कोवळी मिळते, करवंदाची कोणती जाळी गोड आणि कोणती नुसती चीक, सगळं सांगितलं. सासूने हाक मारली तर ऐकू येणार नाही अशी एक जागा होती, तिथे त्या आणि शेजारीण मोळी टेकवून बसायच्या. किती वेळ? "लई नाही. पण बसायचो." आता गॅस आला, सरपण गेलं, आणि त्याबरोबर वर जायचं कारणही गेलं. गॅस आला हे उत्तमच झालं, धूर आणि मोळी यांचं कौतुक करणाऱ्यांनी आधी मोळी उचलून बघावी. तरी ती बसायची जागा त्यांनी ज्या सुरात सांगितली, तो सूर माझ्या तक्त्यात कुठे बसवायचा हे मला समजेना.

*

मराठीत 'जरा पाय मोकळे करून येतो' असं वाक्य आहे. ते मी आयुष्यात किती बायकांच्या तोंडून ऐकलं, याची मोजणी करायला लागले आणि थांबले. पुरुष पाय मोकळे करायला जातो. बाई भाजी आणायला जाते, देवाला जाते, मुलाला क्लासला सोडायला जाते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं मुंबईबद्दलचं 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक २०११मध्ये आलं, त्यात हेच आहे: सार्वजनिक जागेत बाईला आपण कामासाठी आलोय असं दाखवत राहावं लागतं. टेकडीवर ते काम म्हणजे व्यायाम. स्पोर्ट्स शूज हा परवाना. म्हणून वर येणाऱ्या बायका थांबत नाहीत. थांबलं की परवाना संपतो.

आपल्याकडच्या जुन्या बायकांनी मात्र या अडचणीवर फार हुशारीने उपाय काढले होते. वर्षभराची निमित्तं पेरून ठेवली होती. नागपंचमीला गावाबाहेर वारुळाला जायचं आणि झाडाला बांधलेले झोके घ्यायचे. वटपौर्णिमेला वडापाशी. कार्तिकात आवळ्याच्या झाडाखाली जेवण. या सणांमागच्या कथा मला पटत नाहीत, आणि यातला कोणता सण कुठल्या जातीच्या बायकांना करता येत होता हा हिशोबही सोपा नाही. पण 'आउटडोअर रिक्रिएशन' म्हणून आम्ही ज्याचा अभ्यास करतो ते सगळं त्यात होतं: झाड, मैत्रिणी, खाणं, उशिरा परतायची परवानगी, आणि कुणी 'कुठे गेली होतीस' विचारलं तर तोंड बंद करणारं उत्तर. आता वटपौर्णिमेला वडाची फांदी दहा-वीस रुपयांना दारात मिळते. व्रत शिल्लक राहिलं, बाहेर जाणं गेलं. अगदी उलट व्हायला हवं होतं.

आणि तरीही एक जागा अशी आहे जिथे हे अजून चालू आहे, तेही याच डोंगराच्या अंगावर. सेनापती बापट रस्त्यावरच्या चतुःशृंगीच्या देवळात नवरात्रात रात्री जाऊन बघा. डोंगर बायकांनी भरलेला असतो. कडेवर पोरं, हातात ओटीचं सामान, पायऱ्यांवर दम खात बसलेल्या आज्या, खाली जत्रेत पाळणे, बांगड्या, भेळ. ज्या मावशी मला 'वर कशाला जायचं' म्हणाल्या त्या दरवर्षी जातात, मध्यरात्रीनंतर परततात, आणि त्यांना कुणी विचारत नाही की बरं वाटत नाहीये का. माझ्या क्षेत्रातल्या कुणालाही नियोजन कसं करावं हे शिकायचं असेल तर मी त्या जत्रेत नेईन. दिवे आहेत, बस आहे, पिण्याचं पाणी आहे, खाणं आहे, बसायला पायऱ्या आहेत, तात्पुरती का होईना पण शौचालयं आहेत, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे इतर शेकडो बायका आहेत. फक्त नऊ रात्री. उरलेले ३५६ दिवस तोच डोंगर पुन्हा आपला सकाळच्या फिरणाऱ्यांचा.

*

मग वर दिवे लावले तर? हा प्रश्न आला की माझ्यातल्या दोन माणसांचं भांडण सुरू होतं.

टेकड्यांवर लूटमार, छेडछाड झाल्याच्या बातम्या येतात, आणि प्रत्येक बातमीनंतर दिवे आणि कॅमेऱ्यांची मागणी होते. मागणी समजण्यासारखी आहे. मी स्वतः संध्याकाळची पाळी साडेसहाला आवरते. माझ्याबरोबर मोजणारा मित्र आठपर्यंत थांबू शकतो, त्यामुळे आमच्या अभ्यासात अंधारानंतरच्या टेकडीची सगळी माहिती एका पुरुषाने गोळा केलेली आहे. हे मी अहवालात तळटीप म्हणून लिहिणार आहे, पण खरं तर ती तळटीप नाही, तो निष्कर्ष आहे.

दुसरीकडे रातवा आहे. तिन्हीसांजेला गवताळ उतारावरून या पक्ष्याचा आवाज येतो आणि तो दिसत मात्र नाही, कारण दिवसभर तो जमिनीवर वाळक्या पाचोळ्याच्या रंगाचा होऊन पडून असतो. उडत्या किड्यांवर जगतो. प्रखर दिवे लावले की किडे दिव्याभोवती गोळा होऊन मरतात, वटवाघळांच्या वाटा बदलतात, आणि टेकडीची रात्र उरत नाही. शहरात खरा अंधार असलेल्या जागा बोटावर मोजण्याइतक्या. तो अंधार बायकांसाठी घालवायचा, की अंधारासाठी बायकांना घालवायचं? प्रश्न असा विचारला की उत्तर चुकणारच.

व्हिएन्ना शहराने १९९०च्या दशकात हा प्रश्न वेगळा विचारला होता. तिथल्या अभ्यासात दिसलं की नऊ-दहा वर्षांच्या झाल्या की मुली बागेत यायच्या बंद होतात, मुलं येत राहतात. कारण बागेतली एकुलती एक मोठी मोकळी जागा मुलं फुटबॉलसाठी व्यापायची आणि मुली भांडत बसण्यापेक्षा घरी जायच्या. १९९९मध्ये पाचव्या प्रभागातल्या दोन बागा बदलल्या: एका मोठ्या जागेच्या छोट्या छोट्या जागा केल्या, वाटा वाढवल्या, दुसरे खेळ आणले. मुली परत आल्या. मला त्यातली आवडलेली गोष्ट ही की त्यांनी आधी मुलींना धीट व्हायला सांगितलं नाही, जागा बदलली.

टेकडीवर फुटबॉलचं मैदान नाही आणि तिला छोट्या तुकड्यांत कापायची माझी मुळीच इच्छा नाही. माथा अंधारातच राहावा असं मला वाटतं. पण पायथा? दिवे, पाणी आणि स्वच्छ शौचालय ही तिन्ही कामं फाटकापाशी करता येतात, रातव्याला न दुखवता. मी जिथे उभी राहते तिथे यातलं एकही नाही. पाळीच्या दिवसांत मी पाणी न पिता चार तास उभी राहते, आणि मी तर तिथे कामाला जाते. मधुमेह असलेली पन्नाशीची बाई हौस म्हणून हे का करेल? वस्तीच्या बाजूने भिंतीत एक माणूस जाईल एवढं दार ठेवणं, तिथून खाणीपर्यंतची पहिली पाव वाट घाणेरीच्या झुडपांतून साफ ठेवणं, म्हणजे समोरून कोण येतंय ते लांबून दिसेल, एवढ्याने किती फरक पडेल हे मला ठाऊक नाही. पण याचा खर्च बोगद्यापेक्षा कमी आहे, एवढं नक्की.

*

पायऱ्यांवरच्या त्या दुपारी मी शेवटी एकच प्रश्न विचारला होता: जायचं झालंच तर कधी जाल? सगळ्यांचं उत्तर एक आलं. दोन ते चार. सकाळची कामं संपलेली, जेवण झालेलं, संध्याकाळच्या कामांना आणि नळाच्या पाण्याला अजून वेळ. दिवसातले एवढे दोन तास त्यांचे असतात, आणि त्या तेव्हा पायऱ्यांवर बसतात कारण पायऱ्यांवर सावली असते.

आमच्या वेळापत्रकात दुपारी दोन ते चार ही पाळीच नाही. त्या वेळी वर कुणी नसतं म्हणून ठेवली नव्हती.

एप्रिलमध्ये एका दुपारी दोनला वर गेले. पठार तव्यासारखं तापलेलं. सावली आहे ती बहुतेक गिरिपुष्पाची, जुन्या वनीकरणात लावलेल्या या परदेशी झाडाची, आणि ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर तेही पानं गाळून मोकळं होतं. मूळची टेकडी गवताची आणि विरळ झाडांची. तिला सरसकट हिरवी करायच्या मोहिमांच्या मी विरोधात आहे, कारण गवत म्हणजे ओसाड जमीन नव्हे, चंडोल आणि रातवा तिथेच अंडी घालतात. पण त्या दुपारी मला जाणवलं की हे मत मी सकाळी सहाच्या गारव्यात बनवलेलं आहे. दुपारच्या बायकांना सावली लागेल. सगळ्या पठारावर नको. वस्तीकडून येणाऱ्या वाटेवर, इथलीच मेडशिंगी, कडुनिंब, एखादा वड, खाली बसता येईल असे चार दगड. मावशींच्या जुन्या जागेजवळ कुठेतरी.

आषाढ लागला की आम्ही दुसरी फेरी सुरू करतोय. ढगाळ दिवसांत दुपारचं ऊन नसतं आणि टाकळा उगवलेला असतो. मावशींनी येईन म्हटलंय, शेजारणीला घेऊन. भाजी आणायला. तक्त्यात मी 'चालतंय' आणि 'बसलंय' यांच्या शेजारी 'भाजी खुडतंय' असा रकाना वाढवला, तर आमचे मार्गदर्शक म्हणाले, हे प्रमाणित पद्धतीत बसत नाही. मी तो पेन्सिलीने आखून ठेवला आहे.